चुगलखोर इन्व्हर्टर

इन्व्हर्टर निवडावा तर आपणच, असं नंदकिशोरचं ठाम मत होतं. चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. मोशीतल्या घरावर सोलर बसवताना त्याने विक्रेत्यांची अशी उलटतपासणी घेतली, की त्यातल्या दोघांनी त्याचा फोन उचलणंच सोडलं. मुलीला स्थळ बघतानाही माणसं इतकं खोदून विचारत नाहीत! शेवटी पसंत पडला तो सगळं मोबाइलवर दाखवणारा इन्व्हर्टर. गच्चीवर किती वीज तयार होते ते तर दिसायचंच, पण घर या क्षणी किती वीज खातंय तेही दिसायचं.

"आता माझ्या नकळत घरात साधा बल्ब लागणार नाही!" त्याने बायकोला ऐकवलं.

"मग गीझर बंद करायलाही तुम्हीच उठत जा," सुमेधा म्हणाली.

घरात कौतुक होईना, म्हणून त्याने ते कंपनीत नेलं. शेखर साहेबांनाही सोलर बसवायचं होतं. शिवाय मॅनेजरच्या जागेसाठी नंदकिशोरचं नाव वर पाठवायचं की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. नंदकिशोरने लगेच त्यांना इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड दिला. मग शेजारच्या टेबलावरच्या नवनाथला दिला. मग अख्ख्या डिपार्टमेंटला! जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की नंदकिशोरच्या घराचा आलेख उघडायचा आणि पैजा लागायच्या.

"भावा, वहिनींनी मिक्सर लावला!" एकजण ओरडायचा.

"हट्! एवढा लोड मिक्सरचा असतोय व्हय? इस्त्री हाय ती!" नवनाथ म्हणायचा. तो सहसा चुकत नसे.

अशात परदेशी ग्राहकाचं ऑडिट शुक्रवारी ठरलं आणि साहेबांनी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी रद्द केली. इकडे सुमेधाने गुरुवारीच जुन्नरच्या मावसोबांना जेवायला बोलावलं होतं. "या वेळी ओव्हरटाइमला गेलात, तर मी माहेरी जाईन. मग बसा आलेख बघत!" असं तिने बजावलेलं. नंदकिशोरला बायकोही हवी होती आणि मॅनेजरची खुर्चीही. साहेबांसमोर उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून डोक्यात असलेलंच नाव निघून गेलं.

"साहेब, जुन्नरचे मावसोबा गेले. गुरुवारी दहावा. आम्ही सगळेच जातोय, घराला कुलूप!"

साहेब बिचारे हळहळले.

गुरुवारी मावसोबा एसीखाली ऐसपैस बसले. इंडक्शनवर पुऱ्या फुगत होत्या. नंदकिशोरने श्रीखंडाचा पहिला घास घेतला आणि नवनाथचा फोन आला.

"राव, तुमच्या घरात चोर शिरलाय!"

"क... काय?"

"कुलूप असून एसी चालू हाय! वर इंडक्शनवर कायतरी तळतोय. लई निवांत चोर हाय राव!"

नंदकिशोरने घास तसाच गिळला. "अरे, मीटर बिघडला असेल!"

"मीटर कवाच चुकत न्हाई, असं तुम्हीच सांगत होता की!"

नंदकिशोर धावला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. क्वालिटीच्या माणसाने इतका घाईचा निर्णय घ्यायला नको होता! कारण तिकडे आलेख धाडकन शून्यावर आला आणि फोनमध्ये नवनाथ आधी शेजारच्या साहेबांना आणि मग त्याला ओरडून म्हणाला, "साहेब, चोराला चाहूल लागली! राव, तुम्ही दहावा उरका, आमी निघालोच!"

फोन कट. नंतर कुणी उचलेचना! मावसोबा पंच्याने वारा घेत म्हणाले, "एवढं ऊन तापलंय, आन तुझ्या सोलरची वीज गेली व्हय रं?"

थोड्याच वेळात दाराशी कंपनीच्या गाड्या थांबल्या. नवनाथच्या हातात लोखंडी पाइप, मागे अख्खं डिपार्टमेंट आणि पुढे शेखर साहेब! नंदकिशोर फ्रिजमागे सरकला. दार मावसोबांनी उघडलं.

"कोण रे तू?" साहेब गरजले.

"म्या नंदूचा मावसा. जुन्नरचा."

नवनाथच्या हातातला पाइप खाली पडला. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "पण... आज तर तुमचा दहावा आहे ना?"

"असंल बाबा. मला तर जेवाया बोलावलं व्हतं."

सुमेधाने वळून फ्रिजमागे असं पाहिलं, की नंदकिशोरला बाहेर यावंच लागलं. काय झालं ते तिला समजायला वेळ लागला नाही. तिने मेन स्विच वर केला, कढई पुन्हा ठेवली आणि सगळ्या डिपार्टमेंटला पानावर बसवलं.

साहेब शांतपणे जेवले. मग श्रीखंडाचं बोट चाटत म्हणाले, "नंदकिशोर, इन्व्हर्टर झकास निवडलास. जे आहे तेच सांगतो! मॅनेजरसाठी मी त्याचंच नाव पाठवतो."

नंदकिशोरने मान खाली घालून साहेबांना आणखी एक पुरी वाढली.