बिभीषणरावांच्या पाच टिकल्या

लग्नाच्या दिवशी बिभीषणराव मंगल कार्यालयात शिरले ते गळ्याला मफलर आणि काखेत लेकीची जुनी पाटी घेऊन. राहात्याहून पुणतांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या कार्यालयात पंधरा-सोळा वर्षं माइक त्यांच्याच हातात होता. नवरदेव पारावरून निघाला की त्यांचा आवाज सुरू व्हायचा, तो शेवटची पंगत उठेपर्यंत थांबायचा नाही. 'आता कुणीही बोलू नये' हे त्यांचं वाक्य ऐकल्याशिवाय पंचक्रोशीत लग्न लागल्यासारखं वाटत नसे. आणि आता तेच वाक्य डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं होतं.

"घसा पार सोलून निघालाय," डॉक्टर म्हणाले होते. "महिनाभर मौन. कुजबुजसुद्धा नाही. बोललात तर आवाजाची हमी मी देणार नाही."

कार्यालयाचे मालक आसारामशेठ यांना हे ऐकून हळहळ वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही. ऐन लग्नसराई होती.

"बिभीषणराव, तुमचं दुखनं खरं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पन मुका निवेदक म्हंजी बिनपान्याची हीर. शिर्डीला एक पोरगं हाय. जाकीट घालतं, बिनवायरचा माइक घिऊन हिंडतं, शायरी बी म्हनतं. त्याला सांगून टाकू का?"

बिभीषणरावांनी पाटीवर 'नको' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. जाकीटवाला एकदा स्टेजवर चढला की परत उतरायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतःही असेच कुणाच्या तरी आजारपणात चढले होते.

वाट काढली ती कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या अश्विनीनं. बापाच्या आवाजाला काय तोटा? जुन्या लग्नांच्या व्हिडिओत तो पोत्यानं भरून पडला होता. तिनं त्यातली कामाची पाच वाक्यं कापून काढली, कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर घातली आणि प्रत्येक वाक्याला कीबोर्डवरचा एकेक शॉर्टकट नेमून दिला.

"पप्पा, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरायचं," तिनं शिकवलं. "उजव्या हातानं अक्षर दाबायचं. की बोललाच तुम्ही."

कुठल्या अक्षरात काय दडलंय हे काही बिभीषणरावांच्या ध्यानात राहीना. तेव्हा त्यांच्या बायकोनं, ज्योतीबाईंनी, आपलं टिकल्यांचं पाकीट काढलं. मोठी लाल टिकली म्हणजे 'मामांनी नवरीला घेऊन यावे'. चंद्रकोर म्हणजे 'सावधान'. हिरवी म्हणजे जेवण. काळी म्हणजे आडवी लावलेली गाडी काढा. आणि चमकणाऱ्या खड्याची टिकली पुढाऱ्यांच्या स्वागताची, कारण तेही चमकायलाच येतात, असं ज्योतीबाईंचं म्हणणं. पाच अक्षरांवर पाच टिकल्या बसल्या आणि बिभीषणरावांचा घरचा सराव असा काही रंगला, की शेजारीण दोनदा जेवायला म्हणून उठून आली.

आसारामशेठ कबूल झाले, पण अटीवर. "ह्या लग्नातल्या नवरीची आजी लंकाबाई, लई खमकी बाई. मुहूर्त टळला तर अक्षता टाकनार न्हाई म्हनून बसलीय. मुहूर्त गाठला तर माइक तुमचा. चुकला तर जाकीट."

मुहूर्त गाठायचा म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगायला नको. पत्रिकेत मुहूर्त छापतात तो शोभेला. पुढारी येतात, दोन शब्द बोलतात, त्या दोन शब्दांचे दोनशे होतात आणि नवरा-नवरी हार धरून घाम पुसत राहतात.

लग्नाच्या दिवशी टेबल स्टेजच्या बाजूलाच मांडलं होतं. कालच्या हळदीत कीबोर्ड बरबटला होता, पण आता आरशासारखा लख्ख दिसत होता. टिकल्याही कशा शिस्तीत बसल्या होत्या. मोठी लाल मधोमध, बाकीच्या दोन्ही अंगांना. बिभीषणरावांना बरं वाटलं. अश्विनीचा आज पेपर होता, तिचा फोन बंद होता, आता सगळी भिस्त या पाच टिकल्यांवर होती.

माजी सभापतींची पांढरी गाडी फाटकात थांबली. सभापती हात जोडत उतरले, मागून कार्यकर्ते उतरले. बिभीषणरावांनी दोन बोटं दाबून धरली आणि खड्याची टिकली दाबली.

"फाटकात आडवी लावलेली पांढरी गाडी ताबडतोब काढून घ्यावी," कर्ण्यातून त्यांचा भारदस्त आवाज घुमला. "आपल्यामुळे इतरांची गैरसोय होत आहे."

सभापतींचे जोडलेले हात तसेच राहिले. बोट घसरलं असेल, असं समजून बिभीषणरावांनी नीट निरखून खड्याची टिकली पुन्हा दाबली. पुन्हा तेच, आणि या खेपेला 'ताबडतोब' जरा जास्तच जोरात आल्यासारखं वाटलं.

आता अडचण अशी, की आपल्याकडे चार पैसे हाताशी आले की माणूस पांढरीच गाडी घेतो. मंडपातले कितीतरी जण किल्ल्या चाचपत उठले. नवरीचे मामा कानिफनाथ सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. सभापती ड्रायव्हरवर डाफरले, मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि फाटकात पांढऱ्या गाड्यांचा असा काही गुंता झाला, की कोण आत येतंय आणि कोण बाहेर जातंय हे कळेना.

"अहो, मुहूर्त जवळ आला," स्टेजवरून गुरुजी म्हणाले. "नवरीला आणायला सांगा."

बिभीषणरावांनी घाम पुसला. निदान हे तरी सरळ होतं. त्यांनी लाल टिकली दाबली.

"जेवण तयार आहे. सर्व पाहुण्यांनी भोजनास चलावे. जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये."

बाकी कशाला दहा वेळा बोलवावं लागेल, पण या हाकेला एकदाच पुरतं. खुर्च्या खरडल्या, मुठीतल्या अक्षता खिशात गेल्या आणि सगळा मंडप उठून भोजनगृहाकडे निघाला. आचाऱ्याला वाटलं लग्न लागलं. त्यानं बुंदीची घमेली बाहेर काढायला सांगितलं.

आसारामशेठ धावत आले. "आवं, ह्ये काय लावलंय? लगीन लागायच्या आदी पंगत? थांबवा त्यान्ला."

थांबवा. बिभीषणरावांनी कीबोर्डकडे पाहिलं. पाच टिकल्यांत 'थांबा'ची टिकलीच नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी लोकांना या म्हटलं, बसा म्हटलं, जेवा म्हटलं, पण थांबा म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. पाहुण्यांनीही हात हलवले. "व्हय व्हय, तुमी बी या," एक जण म्हणाला.

टेबलावर माइक पडला होता. एकच शब्द, आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले असते. पण तो एक शब्द कदाचित शेवटचा ठरला असता. बिभीषणरावांचा हात माइककडे गेला आणि मागे आला. त्यांनी चंद्रकोर दाबली. 'सावधान' म्हटलं की माणूस निदान वळून तरी बघतो.

कर्ण्यातून तुतारी वाजली. "आपल्या परिसराचं भूषण, सन्माननीय साहेबांचं आगमन होत आहे. त्यांचं स्वागत करू या."

फाटकातली भांडणं एका क्षणात थांबली. सभापतींचा चेहरा पडला. "सायेब? आन मला कळवलं न्हाई?" कोणते साहेब, हे विचारायची मात्र कुणाचीच छाती होईना, न विचारता माहीत असणं हाच तर मोठेपणा. सभापतींसाठी आणलेला हार कार्यकर्त्यांनी साहेबांसाठी राखून ठेवला आणि सगळी पुढारी मंडळी रस्त्याकडे डोळे लावून रांगेत उभी राहिली.

इकडे बिभीषणराव एकेक टिकली निरखत होते. एवढ्यात कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या छबूबाई केरसुणी घेऊन आल्या. त्यांनी कौतुकानं कीबोर्डकडे बघितलं.

"कसा चकाचक केलाय बगा म्या," त्या म्हणाल्या. "हळदीनं पार माखला हुता. वल्ल्या फडक्यानं पुसला तर टिकल्या गळाल्या. आता सवाष्णीची टिकली केरात टाकू व्हय मी? जितं जितं चिकाट हुतं, तितं परत लावल्या. मोठी मदी, बारक्या कडंनी. ग्वाड दिसत्यात का न्हाई?"

बिभीषणरावांनी डोळे मिटले. मग उघडले आणि मनातल्या मनात बोटं मोजली. गाडी झाली, जेवण झालं, साहेब झाले. उरल्या दोन टिकल्या, हिरवी आणि काळी. एकीत मामा, दुसरीत सावधान. उलटं पडलं तर नवरीशिवायच मंगलाष्टकं सुरू व्हायची, आणि मग शिर्डीचं जाकीट ठरलेलंच.

"गुरुजी, घटका भरत आली," पहिल्या खुर्चीवरून लंकाबाई कडाडल्या. "मी सांगून ठिवलंय, मुहूर्त टळला तर माज्या अक्षता मुठीतच ऱ्हातील."

आसारामशेठनी खिशातून मोबाईल काढला. कुणाला लावायचा होता, हे विचारायची गरज नव्हती. बिभीषणरावांनी मनात खंडोबाला साकडं घातलं आणि हिरवी दाबली.

"नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावे."

कानिफनाथमामांनी हे फाटकात ऐकलं. काढायला घेतलेली गाडी त्यांनी होती तिथेच, अगदी आडवी सोडली आणि सोगा सावरत ते पळत सुटले. नवरी राजनंदिनी मंडपात आली, अंतरपाट धरला गेला. बिभीषणरावांनी काळी टिकली दाबली.

"आता कुणीही बोलू नये," त्यांचा आवाज म्हणाला. "सावधान."

बोलायला होतंच कोण? मंडपात फक्त घरची माणसं होती. गुरुजींनी कुणी मध्ये न थांबवता सगळी मंगलाष्टकं म्हटली आणि बरोब्बर मुहूर्तावर टाळी वाजली. लंकाबाईंनी मूठ उघडली. गुरुजींनी पोथी मिटली आणि स्वतःचाच विश्वास बसेना म्हणून पुन्हा घड्याळ पाहिलं.

पुढारी आत आले तेव्हा जोडपं वाकून थोरामोठ्यांच्या पाया पडत होतं. भाषणाला जागाच उरली नव्हती. सभापतींनी सगळीकडे नजर फिरवली.

"सायेबांची गाठ पडली रस्त्यावं," ते मोठ्यानं म्हणाले. "लई घाईत हुते. तितनंच आशीर्वाद दिऊन गेले."

"व्हय, काच खाली करून मला बी हात केला," दुसरा लगेच म्हणाला. तिसऱ्याला तर साहेबांनी घरची खुशाली विचारली होती.

बिभीषणराव पाटीवर माफी लिहायला बसले होते, तेवढ्यात लंकाबाईंनी येऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माज्या समद्या नातवंडांची लग्नं तुज्याच ह्या टिकल्यांच्या पेटीवं लावीन," त्या म्हणाल्या. आसारामशेठनी मोबाईल खिशात टाकला आणि जाकीटवाल्याचा विषय तिथेच संपला.

महिना सरला. डॉक्टर म्हणाले, "बोला आता खुशाल." बिभीषणराव घरी नुसतं 'ज्योती' म्हणाले, तर दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते कार्यालयात गेले. माइक कपाटात होता आणि टेबलाशी आसारामशेठ स्वतः बसले होते. कीबोर्डवर नव्या कोऱ्या टिकल्या होत्या. शेजारी छबूबाई उभ्या होत्या.

"या या," आसारामशेठ म्हणाले. "तारीख घ्यायला येनारा हरेक मानूस इचारतो, त्ये मुहूर्त गाठनारं टिकल्यावालं हाय ना? पयल्यांदा गाड्या काढायच्या, मंग पंगत, मंग सायेब. ह्या छबूबाईनं लावल्यात, तशाच क्रमानं. मला बी आता बोटं जमत्यात."

"पण शेठ, आवाज आलाय माझा," बिभीषणराव म्हणाले.

"आला तर जपा की. तुमचा पगार चालूच ऱ्हाईल. तुमी आता पाव्हन्यासारकं यायचं, जेवायचं, जायचं."

ज्या जागेसाठी महिनाभर जीव मुठीत धरला, ती जागा कुणा जाकीटवाल्यानं नव्हे, आपल्याच आवाजानं घेतली, हे बिभीषणरावांच्या तेव्हा लक्षात आलं. महिनाभर एकच शब्द त्यांनी उराशी जपून ठेवला होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "आज मी स्वतः..."

आसारामशेठनी दोन बोटं दाबून धरली आणि एक टिकली दाबली. "सर्व पाहुण्यांनी भोजनास चलावे," चारी कर्ण्यांतून बिभीषणरावांचा आवाज दणाणला, आणि त्यात बिभीषणराव कुणालाच ऐकू आले नाहीत.

आसारामशेठनी उठून त्यांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "चला," ते म्हणाले. "तुमीच बोलवताय."