नावजी खुटवळ याचे खरे मोल ठरले, त्याची हकीकत

गजवदनास दंडवत, शारदेस दंडवत, आणि खाली आपटला चेंडू पुन्हा वर उसळविणारी जी कोणी देवता असेल तीसही दंडवत. शके सोळाशे पंच्याण्णव, विजयनाम संवत्सर, माघमासापासून एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात टोपलीचेंडूचा खेळ मोठा मातब्बर. उंच खांबास बिनबुडाची टोपली बांधावी, दोहीकडून पाच पाच गडी उतरावे, आणि चेंडू शत्रूच्या टोपलीत घालावा, ऐसा शिरस्ता; चेंडू आत गेला की टोपली पडली म्हणावे. राजियांचे पदरी सरदार मकाजीराव धायबर म्हणून थोर खेळगडी होते. चेंडू हाती आला की तो दुसऱ्यास देणे त्यांस कुळास बट्टा वाटे. टोपली पडली की भाट त्यांचे कवन गात, आणि हुकली की भाट वाऱ्यास शिव्या देत. त्याच पथकात नावजी खुटवळ म्हणून एक गडी होता, मूळचा म्हशी राखणारा. तीन सालांत त्याने टोपली एकच टाकिली, तीही चुकून. तो आपला शत्रूच्या वाटेत आडवा उभा राही, हुकला चेंडू झेलून जवळच्यास देई, आणि "मागं बघ, मागं!" म्हणून ओरडे. भाटांस त्यात यमक सापडेना, म्हणून त्याचे नाव कोणी घेईना.

ऐसे असता शेजारच्या राजाचे पत्र आले की, पौर्णिमेस सामना व्हावा, हरेल त्याने आपला राजहत्ती द्यावा. राजे तत्क्षणी "कबूल" म्हणाले आणि मग घाबरले. कारण हत्ती त्यांचा जिवाचा. पिलू असता त्यास त्यांनी आपल्या ताटातला दूधभात भरविला होता. तेव्हा दरबार भरविला आणि हुकूम केला की, "जो टोपली टाकीत नाही तो काढावा. नावजीस पुन्हा म्हशींकडे धाडा." नावजीने मुजरा केला, मुंडासे काखेत मारिले, आणि डोळे पुशीत दाराकडे निघाला.

तोच यमाबाई आंबर्डेकर उभ्या राहिल्या. बाई विधवा, वय साठ, आणि काम सामन्यात घटिकापात्र राखण्याचे; पात्र पाण्यात बुडाले की टोला द्यावा, इतकेच. बाई बोलिल्या, "महाराज, गड्यास धाडू नका. हाच तुमचा सर्वांत मोलाचा."

प्रधान हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही घटका मोजा."

"मोजतेच. पण पात्र बुडेतोवर मला दुसरे काय काम?" ऐसे म्हणून बाईंनी पिशवी उपडी केली, तो एकेका गड्याच्या नावाचे बटवे निघाले. बाईंनी सांगितले की, "आपली टोपली पडली की त्या क्षणी मैदानात असतील त्या पाचही जणांच्या बटव्यात एकेक कवडी टाकिली. शत्रूची पडली की पाचांच्याही बटव्यात एकेक चिंचोका. टाकिली कोणी, ते पाहिलेच नाही. हा नावजीचा बटवा. चिंचोक्यांहून कवड्या चाळीस अधिक. तो दम घ्यायला बाहेर बसला तेव्हाचा बटवा निराळा. त्यात चिंचोकेच एकतीस अधिक. आणि हा सरदारांचा." तो बटवा उघडिला तो चिंचोके दरबारभर घरंगळले.

मकाजीराव गर्जले, "चिंचोक्यांनी शूराचे माप घेता? मी साठ टोपल्या टाकिल्या!"

"खरे आहे, सरदार. चेंडू फेकिला दोनशे चाळीस वेळा."

राजांस हत्ती डोळ्यांपुढे दिसू लागला. मग त्यांनी ठरविले की, नावजीने खेळावे आणि मकाजीरावांनी अर्धा सामना बाईंपाशी बसावे.

पौर्णिमेस सामना उभा राहिला. मकाजीराव रुसून मैदानाकडे पाठ करून बसले, मग अर्धे वळले, आणि मग उघडच पाहू लागले. आयुष्यात त्यांनी खेळ बाहेरून प्रथमच पाहिला. म्हणाले, "बाई, हा नावजी तर सगळीकडे आहे!" आणि थोड्या वेळाने हळूच, "माझ्या बटव्यात इतके चिंचोके कां?"

बाई बोलिल्या, "आपला चेंडू हुकला की आपण कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहता. तोवर शत्रू टोपली टाकून परत येतो."

सरदार खाली मान घालून मैदानी उतरले. सामना बरोबरीत, पात्र बुडावयास आलेले, आणि चेंडू मकाजीरावांच्या हाती. शत्रूचे चौघे त्यांजवर धावले. तेव्हा सरदारांनी डोळे मिटिले, कुळदैवताची क्षमा मागितली, आणि चेंडू नावजीस दिला! हे अघटित पाहून शत्रू जागीच थिजले; एकाने तर काळजीने पुसिले, "सरदार, प्रकृती बरी ना?" नावजीस नेम कुठला? त्याने चेंडू टोपलीखाली मोकळ्या उभ्या गड्यास दिला, त्याने अलगद टोपलीत सोडिला, आणि टोला पडिला. राजे सिंहासन सोडून धावले आणि हत्तीच्या सोंडेस मिठी मारून रडिले.

मग राजांस बटव्यांचे वेडच लागले. म्हणाले, "आम्हांसही एक करा. आम्ही दरबारी असता राज्याचे बरे होते की वाईट, ते नोंदवा." बाईंनी तीन मास नोंद केली आणि बटवा पुढे ठेवून आपल्या पायांकडे पाहात उभ्या राहिल्या. आत नुसते चिंचोके. राजे शिकारीस गेले तेव्हाच्या बटव्यात मात्र कवड्या मावेनात.

राजांनी विचारिले, "प्रधानजी, आम्ही असता दरबारात काय होते?"

"हुकूम, महाराज."

"आणि नसता?"

"कामे, महाराज."

राजे दोन दिवस जेविले नाहीत. तिसरे दिवशी एकटेच नावजीच्या दारी गेले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "टोपली न टाकता उपयोगी कैसे पडावे, ते आम्हांस शिकवा."

नावजी म्हणाला, "सोपं हाय, म्हाराज. वाटंत उभं ऱ्हायचं. फकस्त कुणाच्या वाटंत, त्ये आदी बघायचं."

त्या साली तीन पूल पुरे जाहले, आणि राजांनी हुकूम एकच काढिला, तोही विचारून. जाहले तितके लिहिले. लिहिणाराने आपले नाव गाळिले आहे, कारण राजे अद्यापि हयात आहेत.