डिझेलचा माणूस

दसऱ्याच्या सकाळी कशेळ्याजवळच्या विनिताबाईंच्या अंगणात आबाजींनी चावी फिरवली आणि जुनी फियाट नुसतीच खाकरली. पुन्हा फिरवली, पुन्हा खाकरली. पेटायचं नाव नाही.

ही गाडी बाईंच्या मिस्टरांची. ते गेल्यापासून गोठ्यात पडून होती. रिटायर्ड हेडमास्तरीणबाई ती भंगारात द्यायला निघाल्या, तेव्हा आबाजींनी पारावर छाती ठोकली, की इंजिन नव्यानं बांधतो आणि दसऱ्याला गाडी देवळापर्यंत नेतो. बाईंनी भंगारवाल्याला एकादशीला या म्हणून सांगितलं. छत्तीस वर्षं डेपोत बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस, गावानं शंका कशाला घ्यावी? आबाजींनी फक्त एवढंच सांगितलं नव्हतं, की त्या छत्तीस वर्षांत त्यांनी डिझेलखेरीज एकही इंजिन उघडलेलं नव्हतं. हे तर बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"काय नडलं, आबा?" पुतण्या किरणनं विचारलं.

"हवा हाय लाईनीत."

डिझेलच्या गाडीला बहुतेक वेळा हवाच नडते. आबाजींनी पाइप सोडला, किरणला पंप मारायला लावलं, आणि पेट्रोलची चूळ थेट किरणच्या सणाच्या शर्टावर आली. हवा निघाली नाही, कारण ती अडकलेलीच नव्हती.

मग धक्का. गाडी उतारावरून आवाज न करता, एखाद्या साध्वीसारखी गेली आणि मुरबाडच्या रस्त्यावर आडवी उभी राहिली. दोन्हीकडे जीपा थांबल्या. जीपमधली माणसं उतरली आणि प्रत्येकानं आपापलं निदान सांगितलं. कुणी बॅटरी म्हणालं, कुणी नजर. डोक्यावर आपट्याचा भारा घेतलेली वाडीवरची सोमी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिला खायला तरी घातलं का रं?" टाकी उघडून पाहिली. भरलेली होती.

तेवढ्यात बाई आल्या. सगळ्यांना त्यांनी वर्गातल्या आवाजात गाडीच्या मागे पिटाळलं. उघड्या बॉनेटआड दोघंच उरले. बाईंनी पाच वायरींचं काळं डबडं उचललं आणि आत डोकावून बघतच राहिल्या. आत तेलात कालवलेलं हळदकुंकू.

"हे कुणी वाहिलं?"

"मीच. काल खंडेनवमी ना. इंजिन जोडताना प्रत्येक भागाला थोडं थोडं लावलं. ह्ये जरा पिंडीसारखं दिसलं, म्हणून इथं जास्त."

"आबा, ठिणगीची वीज इथूनच जाते." बाईंचा आवाज खाली आला. "डिझेलला हे नसतंच, नाही का?"

बॉनेट मानेवर पडेल तर बरं, असं आबाजींना वाटलं. बाईंनी केसातला आकडा काढून कुंकू खरवडलं, पदरानं पुसलं. आमचे हे फक्त स्टिअरिंग धरायचे, बॉनेटखालचं मीच बघायची, असं काहीतरी पुटपुटल्या. आत बसून त्यांनी चावी फिरवली आणि फियाट अशी पेटली, की सोमीच्या भाऱ्यातून मूठभर सोनं रस्त्यावर सांडलं.

"आबांनीच शोधलं बरं का," बाई खिडकीतून म्हणाल्या.

ते मात्र आबाजींना सोसलं नाही. बिघाडापेक्षा ती दया जास्त लागली. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "ऐका. मला यातलं काय येत नाय. मी डिझेलचा माणूस. बिघाड मीच करून ठेवला व्हता, काढला बाईंनी."

तीस वर्षं हेच आबाजी पारावर सांगत होते, की एकदा आपण तीन चाकांवर बस घाट चढवली, आणि पार मान डोलवत होता. आज जन्मात पहिल्यांदा खरं बोलले, तर ते कुणाच्या घशाखाली उतरेना.

"बघा," जीपचा ड्रायव्हर गहिवरून म्हणाला, "सगळं करून नाव बाईंचं सांगतोय. मोठी मानसं अशीच असत्यात."

माणसं पाया पडू लागली. आबाजी नको नको म्हणाले, तशी आणखी पडली. किरणनं वास मारणाऱ्या शर्टाच्या खिशातून एक चावी काढली आणि त्यांच्या मुठीत कोंबली.

"माझी स्कूटर, आबा. पंधरा दिस बंद हाय. पेट्रोलचीच हाय."

आबाजींनी केविलवाण्या नजरेनं फियाटकडे पाहिलं. पण बाई तोवर गिअर टाकून देवळाच्या वळणापल्याड गेल्या होत्या.