मोरेकाकांच्या ड्रमचा खटका

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या मोरेकाकांच्या खिशात पेनाच्या जागी एक स्क्रू असायचा. लग्न असो, मयत असो, स्क्रू बरोबर. नवा माणूस भेटला की "जय भीम" झाल्यावर लगेच, "हा इंची आटा आहे. याचा जोडीदार कुठे मिळेल?" माझ्या साखरपुड्यात त्यांनी हे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं. सासरे विमा विकतात.

स्क्रू त्यांच्या जुन्या साइड ड्रमचा. पितळेचा, विलायती. जयंतीच्या मिरवणुकीत काका तो वर्षानुवर्षं वाजवत. हात थरथरायला लागल्यावर ड्रम खोलीत खुंटीवर गेला. त्याच्या खालच्या कातड्यावर बारीक तारा असतात आणि एक खटका त्या ताणून धरतो. त्यामुळे खोलीत कोणी आवाज चढवला की ड्रम आपणहून झुर्र करायचा. काकी ओट्यापाशी उभ्या राहून ओरडायच्या, "अवो, ऐकलं का?" काका पेपरात डोकं घालून गप्प. ड्रम झुर्र.

"तुमच्यापरीस त्यो बरा," काकी म्हणायच्या. "ओ तरी देतो."

गेल्या वर्षी काकी गेल्या. ड्रम डोळ्यांसमोर नको म्हणून काकांनी तो गल्लीतल्या बेंजो पार्टीला देऊन टाकला. दोन महिन्यांत स्वतःच परत मागून आणला, तर खटका गायब आणि तो बसवायच्या दोन स्क्रूंपैकी एक गायब. तारा लोंबत होत्या.

"काका, तारांशिवाय पण वाजतो," पार्टीचा म्होरक्या म्हणाला.

"दातांशिवाय पण जेवता येतं. काढू का तुझे?"

तेव्हापासून माणसांची पारख आट्यांवर आली. म्होरक्याचे आटे घासलेले. सोसायटीच्या सेक्रेटरीचे उलटे. माझे बरे, पण ढिले. ढिले म्हणूनच बहुतेक सलग सहा शनिवार त्यांनी मला उन्हातून फिरवलं. आठवड्यातली माझी ती एकच सुट्टी, आणि मला त्याचा अजून राग आहे.

गिरगावातल्या वाद्यांच्या दुकानात मालकाने ड्रम उलटापालटा केला. "अंकल, इसका पार्ट अब नहीं मिलेगा. इसका लॅम्प बनाओ, मस्त दिखेगा."

काका लाल झाले. "उद्या मी वाजेनासा झालो तर मलाही कोपऱ्यात उभा करून डोक्यावर बल्ब लावशील?"

दुसऱ्याने नवा खटका दाखवला. काकांनी त्यात आपला स्क्रू फिरवून पाहिला, आटे जुळेनात. "मिलीमीटर! या मिलीमीटरने देशाचं वाटोळं केलंय!" काका गिरणीत फिटर होते. मिलीमीटर हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

शेवटी करी रोडला एक म्हातारा टर्नर सापडला. लेथवर इंची आटे पाडणारा. काकांनी त्याला पितळेचा खटका आणि जोडीचा स्क्रू तीनदा नव्याने करायला लावला. चौथ्यांदा त्याने हात जोडले आणि काकांनी स्क्रू आत फिरवून पाहिला. "आता बसला," ते म्हणाले, जसं काही आम्हीच इतके दिवस अडवून धरलं होतं.

रविवारी सकाळी कामावर निघता निघता मला बोलावणं आलं. मला वाटलं, वाजवणार. काकांनी थरथरत्या हाताने खटका चढवला, तारा ताणल्या, फडक्याने ड्रम पुसला आणि उचलून सरळ खुंटीला लावला. काठ्या बाहेर काढल्यासुद्धा नाहीत.

माझं डोकं फिरलं. "काका, सहा शनिवार! सासऱ्यांसमोर इज्जत घालवलीत, भर दुकानात भांडलात, आणि तुम्ही हा वाजवणारच नाही? मग कशासाठी केलं हे सगळं?"

माझा आवाज चांगलाच चढला होता. खुंटीवरून उत्तर आलं. झुर्र.

काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. रिकाम्या ओट्याकडे वळले आणि त्यांच्या तोंडून मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"आलो गं," काका म्हणाले. "आलो."