लाल क्लिपांचं लग्न

“रंग बघितला की शेंबड्या पोरालाही कळंल, काय ठेवायचं आन काय उडवायचं!” प्रज्वल छाती फुगवून सांगायचा. शहापुरात त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. कॉम्प्युटरवर एडिटिंगला बसला की पठ्ठ्या प्रत्येक क्लिपला रंग द्यायचा. निळी क्लिप फिल्ममध्ये घ्यायची, लाल क्लिप काढून टाकायची. झकास पद्धत! फक्त ती कुठं लिहून ठेवायची गरज त्याला वाटली नव्हती.

आणि या वेळची फिल्म काय साधीसुधी होती? मुरबाडच्या वाल्मिककाका गोजरांच्या थोरल्या लेकीचं लग्न! धाकटी मनस्वी तर प्रज्वलच्या मनात कधीचीच भरलेली. फिल्म बघून काका खूश झाले, की तिथल्या तिथं तिला मागणी घालायची असा बेत! नेमकं फिल्म दाखवायच्या आदल्या दिवशी वाशिंदला हळदीचं शूटिंग निघालं. जाताजाता तो भागीदार गुणाला म्हणाला, “रंग लावून ठेवलेत. ते बघून घ्यायच्या तेवढ्या क्लिपा जोड आन उद्या फिल्म घेऊन थेट मुरबाडला ये.”

“जा रे, रंगातलं मला नको शिकवू!” गुणा म्हणाला. वीस वर्षं छापखान्यात लग्नपत्रिका छापलेला माणूस तो!

दुसऱ्या दिवशी मांडवपरतणीला काकांच्या घरी जावई, व्याही, सगळा गोतावळा टीव्हीपुढं बसला. प्रज्वल नव्या शर्टात. फिल्म सुरू झाली आणि पहिल्याच झटक्याला व्याही मांडवात तोंड उघडं टाकून घोरताना दिसले! मग नवऱ्याची आत्या सकुबाई पिशवीत लाडू कोंबताना. मग खुद्द वाल्मिककाका, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना, सातवी जिलबी हाणताना!

“आन मला सांगितलंत, जिभेलाबी लावली नाय!” रंजनाकाकू कडाडल्या.

प्रज्वल शेजारी बसलेल्या गुणाच्या कानात खेकसला. “गुण्या, ह्या लाल क्लिपा रे! निळ्या कुठायत?”

“काढल्या! शुभकार्याची पत्रिका लाल शाईत छापतात. निळी-काळी शाई दहाव्याच्या पत्राला! एवढं नाय कळत?”

प्रज्वल रिमोटकडं झेपावला, कारण पुढं काय येणार हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. लग्नभर चोरून काढलेल्या मनस्वीच्या एकतीस क्लिपा! कोणी बघू नयेत म्हणून त्यानंच लाल केलेल्या! पण उशीर झाला. मनस्वी वाढताना, मनस्वी हसताना, मनस्वी गजरा माळताना. अंतरपाट दूर झाला, तर कॅमेरा तेव्हाही मनस्वीवरच!

“लगीन थोरलीचं होतं का धाकटीचं गो?” बाईजा आजीनं मोठ्यानं विचारलं.

मनस्वी पदरात तोंड लपवून आत पळाली. वाल्मिककाका उठले, तरातरा प्रज्वलपुढं आले. त्यानं सगळा धीर एकवटला. “काका, मला तुमाला एक विचारायचं होतं...”

“विचारायचं काय त्यात? आमची मनू काय झ्याक दिसते रे!” काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “यातल्या चार क्लिपा आताच्या आता माझ्या मोबाईलवर टाक. परवा आसनगावची मंडळी तिला बघायला यायचीत, आधीच पाठवून देतो. जमलं, तर शूटिंग तुझंच! दुसऱ्या कुणाला नाय सांगायचो!”