अबेक्रोमच्या तेलटाकीची मसलत

तेल गाळणाऱ्या समस्त बायांस दंडवत घालोन, अबेक्रोम मुक्कामी पामतेलाच्या थोरल्या टाकीवरून जे रण माजले त्याची हकीकत लिहितो. आम्ही खुद्द दरबारी स्टूल टाकोन बसलो होतो. ऐकीव एक अक्षर नाही.

ते साली फळ उदंड आले आणि बायांच्या मंडळीने पण केला की, तेल पडेल भावाने देणे नाही, टंचाईपावेतो राखावे. तेल टिकले तर मंडळी टिकली. खवट जाहाले तर पुन्हा दलालाचे दारी उभे राहणे आले.

मग टाकी कशाची, यावर खल मांडिला. प्रथम काळे प्लॅस्टिक दावा सांगत आले. परंतु गोठले तेल उपसण्यापूर्वी ऊन करावे लागते, त्या उष्म्यापुढे त्याने गुडघे टेकिले. मग जस्ताचा पत्रा चालोन आला. तेलातील आंबटपणा जस्तास खातो, सबब तोही बाद. साधे लोखंड तर गंजाशी आधीच फितूर. अखेर स्टेनलेस स्टीलने गड घेतला आणि मंडळीची तंत्रज्ञ ओफोसुआ, जी कुमासी शहरी शिकोन आली, तिने सुटकेचा निःश्वास टाकिला. परंतु त्यात तिची घाई जाहाली.

कारण राजमाता नाना बोआतेमा (नाना हा त्या मुलखी थोरांस, बायांसही, लाविण्याचा मानाचा शब्द) यांनी फर्माविले की, टाकीस तोटी पितळेची असावी. या मुलखी पितळेचा मान थोर; घरंदाज बाईची पत तिच्या पितळी परातीवरून ठरते. आणि पितळेत तांबे, तांब्याने तेल नासते, हे ओफोसुआ जाणत होती. परंतु राजमातेशी थेट बोलणे रिवाजात नाही. बोलणे ओक्यामे, म्हणजे दरबारचे वक्ते, न्यार्को यांचे कानी घालावे आणि त्यांनी ते सजवोन पुढे ठेवावे, ऐसा त्यांचा पिढीजात हुद्दा.

"काका, सरळ सांगा, पितळेनं तेलाची वाट लागेल," ओफोसुआ कळवळोन बोलिली.

ओक्यामे यांनी सोनेरी मुठीची काठी सावरिली आणि अर्ज केला की, पितळेचा प्रताप ऐसा, तिच्या स्पर्शे तेल आपला मूळ स्वभावच टाकिते. राजमाता संतोषल्या. दोन पितळी तोट्यांचा हुकूम सुटला.

"खवट होईल, काका! खवट म्हणा!"

तेलास वयाचा मान प्राप्त होईल, ऐसे ओक्यामे वदले. तोट्या तीन जाहाल्या.

मग बायांनी गुप्त मसलत केली की, जेवणास ओक्यामे लागत नाही. पितळी परातीत तेल भरोन उन्हात मुरविले आणि त्यात कोंतोमिरेच्या पानांची भाजी करोन, उकडल्या याम कंदासह राजमातेपुढे ठेविली.

राजमातांनी घास घेतला, आणि रिवाज मोडोन थेट कडाडल्या, "शी! अगं, हे काय घातलंत? साबण खाल्ल्यासारखं लागतंय!"

ओफोसुआ गुडघ्यांवर आली. "नाना, हे पितळेत ठेवलेलं तेल. टाकीतलंही असंच होणार."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले, नाना. दोनदा."

सर्वांच्या नजरा एका काठीकडे वळल्या.

"ओक्यामे, तुम्हीही घ्या एक घास," राजमाता म्हणाल्या. "आणि सजवू नका."

ओक्यामे यांनी घास चावला, गिळला, आभाळाकडे पाहिले, घामाघूम जाहाले.

"घाण आहे, नाना."

इतका उघडा शब्द त्या घराण्याचे मुखी पिढ्यांत आला नव्हता. मग टाकीस स्टीलची तोटी बसली, तेल टंचाईपावेतो गोड राहिले, मंडळी तगली. फत्ते जाहाली, ती येथे रुजू केली. ओक्यामे मात्र त्या दिवशी उशिरापावेतो चुळा भरीत होते. त्या तेलापायी की त्या शब्दापायी, हे आम्हांस समजले नाही.