शरणप्पा गुरुजींचा हमखास उपाय

चौथीच्या हजेरीपटावर नजर गेली आणि मुख्याध्यापक शरणप्पा गुरुजींना धक्काच बसला. बेचाळीसपैकी एकवीस मुले गैरहजर! महिन्यापूर्वी नऊ असायची. तेवढीही नकोत म्हणून तर त्यांनी कृतिसंशोधन हाती घेतले होते.

सगळे प्रशिक्षणात सांगितल्याबरहुकूम चालले होते. समस्या, गैरहजेरी. उपाय, मूल आले नाही की त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी जातीने घरी जाणे. निष्कर्ष, हजेरी वाढली. हा निष्कर्ष गुरुजींनी उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात लिहून वर पाठवूनही दिला होता. आज तो पडताळायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पटला तर जिल्ह्याच्या मेळाव्यात वाचन, नाही तर अख्ख्या सोलापुरात शोभा.

"भीमाशंकर मास्तर, शुक्रवार पेठेत साथबीथ आली का हो?" गुरुजींनी चौथीच्या वर्गशिक्षकांना विचारले.

"साथ कसली गुरुजी? तुमी घरी जाताय की! इसूफच्या आजीला रेशनकार्डाचा अर्ज लिहून दिलात. शेजारच्या अजीजाबी म्हनल्या, आमच्याकडं का न्हाय? त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोरगं घरी ठेवलं. आता गल्लीगल्लीत नंबर लागलेत."

गुरुजींनी आठवून पाहिले. अर्ज लिहिले होते खरे. पत्रे वाचून दाखवली होती, सासू-सुनांची भांडणे मिटवली होती, एका बाळाचे नावसुद्धा सुचवले होते. मुख्याध्यापक घरी कसा आणायचा, हे पेठेतल्या बायकांनी बरोबर शोधून काढले होते.

तेवढ्यात साहेब आलेच. "हीच का वाढलेली हजेरी?"

गुरुजी गडबडीने पुढे झाले. "साहेब, उपाय लोकांना जरा जास्तच आवडला."

"असं? चला, एका घरी जाऊन माझ्यासमोर विचारा." साहेबांनी गैरहजरांच्या यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवले. "ही जगदेवी कुठं राहते?"

भीमाशंकर मास्तर एकाएकी फळा पुसू लागले. गुरुजींनी नाव वाचले, पुन्हा वाचले. जगदेवी त्यांचीच मुलगी!

दोघे घरी पोचले तेव्हा जगदेवी दारात एकटीच लंगडी खेळत होती. ताप नाही, खोकला नाही.

"अगं, पोरगी शाळेत का न्हाय?" गुरुजी बायकोवर ओरडलेच.

बसम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. "महिना झाला, रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरी बसताय. हितं येताय ते निस्तं झोपायला. म्हनलं, आपली बी पोरगी ठेवून बघावं, हेडमास्तर येतेत का!" तिने साहेबांना खुर्ची दिली. "बसा साहेब. आन तुमी बी बसा की, आता आलायसाच तर."

गुरुजी पाहुण्यासारखे अवघडून खाटेच्या कडेवर टेकले. साहेबांनी पिशवीतून अहवाल काढला, 'हजेरी वाढली' यावर काट मारली आणि हसू दाबत विचारले, "मग गुरुजी, मुख्याध्यापकांच्या घरच्या हजेरीबद्दल काय लिहू?"

बसम्मा चहा टाकायला आत गेली होती. उत्तर आतून, चुलीजवळून आले.

"लिवा, आज पहिलाच दिवस हाय!"